आबासाहेब फुकट घेत नाहीत

माळव्यात बारा दिवस राहून एक कचोरी, एक जिलबी, गाडीवरच्या पोह्यांचा एक घास न खाता परत आलेली बाई तुम्ही पाहिली नसेल, तर कोल्हापूरला या आणि मला बघून जा. सकाळी सात वाजता तिथल्या गल्ल्यांतून जो वास सुटतो ना, तो मी नुसता नाकानं घेतला, तोही मास्कमधून. काय सांगू, जीव कासावीस व्हायचा अगदी.

पण माझा इलाज नव्हता. चार वर्षांपूर्वी माझं यकृत बदललं. माझ्याच शरीरानं माझ्याच यकृताशी वैर धरलं होतं, का ते कुणाला नीट सांगता आलं नाही, आणि शेवटी मेंदू मृत झालेल्या एका अनोळखी माणसाचं यकृत पुण्यात मला बसवलं. शरीरानं त्याला परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशा गोळ्या, जन्मभर. त्या गोळ्यांनी शरीराचा भांडखोरपणा कमी होतो, पण मग ते जंतूंशीही धड भांडत नाही. म्हणून बाहेरचं खायचं नाही, कच्चं खायचं नाही, पाणी उकळून प्यायचं. चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, पोरांना शिस्त लावली, पण मला शिस्त लावली ती या गोळ्यांनी.

अशा बाईनं प्रवासाला निघायचं, तेही खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात, याचं कारण वहिनीसाहेबांचा फोन. माझ्या आईचं माहेर देवासचं. तिकडची आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून गेली, दरबारात चाकरीला राहिली. दरबार गेला, पण दरबारी बोलणं काही गेलं नाही. आमच्याकडं "ए, जेव की लवकर" म्हणतात, तिथं "आपण जेवून घ्यावं" म्हणतात. नवऱ्याच्या बहिणीला अजून 'वन्सं' म्हणतात. तर माझा मामेभाऊ आबासाहेब, वय त्रेसष्ट, त्याचं यकृत निकामी झालं होतं. तुम्हाला जो संशय आला तो सगळ्या गावाला आला होता, म्हणून सांगून ठेवते, आबानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. गोडधोड, तळलेलं, बैठं काम आणि मधुमेह, एवढ्या भांडवलावर त्यानं हे साधलं. यकृतावर चरबी चढत गेली आणि ते आतून घट्ट होत गेलं.

"वन्सं, आपण या," वहिनीसाहेब फोनवर म्हणाल्या. "मुलीचं यकृत जुळलंय आणि हे घ्यायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा काही निघायचा नाही. आपलं तरी ऐकतील."

मी गोळ्यांचा डबा, थर्मामीटर आणि पाणी उकळायची किटली पिशवीत टाकली आणि निघाले.

देवास

स्टेशनवर न्यायला आबाचा मुलगा विकी आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, अंगानं भरलेला, पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला.

"आत्यासाहेब, बॅग मला देऊन द्या. मी ड्यूटी करून कंपनीच्या बसनं आलो, गाडी घेतली आणि सीधा इथं."

"आणि तू रे? तुझं नाही का जुळलं?"

"मीच पहिला गेलो होतो ना! टेस्टमध्ये फेल झालो." त्यानं स्वतःच्या पोटावर थाप मारली. "डॉक्टर बोलले, बेटा, तुझ्या लिव्हरवर आताच चरबी आहे, तू आपलंच सांभाळ. मी आठ किलो कम केले, भगवान कसम. पण अजून टाइम लागेल, आणि आबासाहेबांकडं टाइम नाही."

हे सांगता सांगता त्यानं गाडी एका कचोरीच्या दुकानासमोर उभी केली. दुकानातून आवाज आला, "क्या भिया, दो?" विकीनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं गाडी पुन्हा चालू केली.

"गाडीलाच सवय झाली आहे, आत्यासाहेब," तो म्हणाला.

या गावात एकेकाळी दोन राजे होते. भावाभावांच्या दोन पात्या, मोठी आणि धाकटी. एकाच गावाची वाटणी झालेली. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. अशा गावात वाढलेल्या माणसाला आपलं कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं याची जाण जरा जास्तच असते, असं माझं मत झालं. ते आबाला पाहून झालं.

घर टेकडीच्या पायथ्याशी, साधंच, दोन मजली. आबा अंगणात उन्हाला बसला होता. हात काटकीसारखे, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. चार वर्षांपूर्वी आरशात मी अशीच दिसायचे. मला भडभडून आलं. ते लपवायला मी म्हटलं, "काय रे आबा, सातवा महिना का?"

वहिनीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. त्या घरात त्याला कुणी 'अरे' म्हणत नाही. आबा मात्र खदखदून हसला आणि मग हसण्यानं दमला.

न्याहारीला पोहे आले. आबाच्या बशीत शेव नव्हती. मीठ खाल्लं की पोटात पाणी वाढतं, म्हणून शेव बंद. माळव्यात पोह्यांवर शेव नसणं म्हणजे घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखं असतं. आबा निमूटपणे खात होता. इतका निमूट की मला शंका आली. मास्तरीणच ना मी! त्याच्या मांडीवरचं वर्तमानपत्र उचललं तर घडीत मूठभर लवंगी शेव.

"ही पण मुलीनं दिली का?" मी विचारलं.

"मुलीचं मी काही घेत नाही," आबा एकदम गंभीर झाला. "सुमन, तू कोल्हापूरची, तुमच्याकडं सगळं चालतं. आमच्यात कन्यादान झालं की लेकीच्या घरचं घोटभर पाणीही पीत नाहीत. मृणालच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. तिच्या सासरी धारला जातो तो माझा थर्मास घेऊन जातो. दोन तास बसतो, परत येतो. आणि आता एकदम यकृत घेऊ?"

"अरे, आमच्याकडंही होतं हे. नातवंड झालं की सुटायचं. तुझी नात सात वर्षांची आहे!"

"आमच्यात सुटत नाही."

आता बघा, जिथून हा रिवाज गेला तिथं तो कधीच सैल झाला, आणि जिथं गेला तिथं आजूबाजूच्या माळवी लोकांतही तोच रिवाज, त्यामुळं तो दुप्पट घट्ट बसला. मी त्याला विज्ञानाकडं वळवलं. म्हटलं, यकृत हा एकच अवयव असा आहे की कापला तरी वाढतो. मृणालचा निम्म्याहून मोठा भाग काढतील, दोन-तीन महिन्यांत तिचं जवळजवळ भरून येईल आणि तुझ्यातलंही वाढेल.

"जास्वंद छाटल्यासारखं?"

"तसंच समज."

"आणि तिच्या जिवाला धोका?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. "थोडा आहे," मी म्हणाले. "हजारो लोक देऊन ठणठणीत हिंडतात. पण धडधाकट माणसाचं पोट उघडायचं म्हणजे धोका अगदीच नाही असं नाही."

"मग झालं तर," आबा म्हणाला. "रिवाज काही उगाच नसतात." आणि त्यानं वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलं. मोकळं, शेवेविना.

धार

तिसऱ्या दिवशी विकीनं मला धारला नेलं. वाटेत पीथमपूरच्या फाट्यावर कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागली होती आणि विकी प्रत्येक ड्रायव्हरला "और भिया" करत होता. माझं मन मात्र पुढं. मृणाल तयार होती, तिच्या नवऱ्यानं सही दिली होती, पण सासूबाई? सून आपलं पोट फाडून माहेरी देणार, हे कुठल्या सासूला रुचेल? मी मनात भाषण जुळवत गेले. पहिलं वाक्यच सात-आठ वेळा बदललं.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. सडसडीत, पांढरे केस, आवाज खणखणीत. मागं परसात चकोतऱ्याचं झाड फळांनी लगडलेलं. चकोतरा म्हणजे आपलं पपनस. मी बसते न बसते तोच त्यांनी स्वतः सोललेला, गुलाबी गराचा, थाळीभर चकोतरा माझ्यापुढं ठेवला.

"नको नको! ते मला विष आहे!" मी ओरडले आणि थाळी दूर सारली.

विहीणबाईंचा चेहरा असा झाला की मी जुळवलेलं भाषण पार विसरले. खरं तर चूक माझीच. ते फळ माझ्या गोळीचा असर भलताच वाढवतं, रक्तात औषध जास्त होतं, म्हणून आम्हा लोकांना ते वर्ज्य. पण हे सांगायची एक रीत असते. मृणाल आतून धावत आली, तिनं सासूला सगळं समजावलं. ही शाळेत गणित शिकवते, चौतिशीची, बापासारखेच मोठे डोळे.

"मला वाटलं, यांच्या घराण्यातच आहे," विहीणबाई म्हणाल्या. "आपले भाऊसाहेब अकरा वर्षं माझ्या ओसरीवर बसून मला थर्मास दाखवतात. मी चहा विचारायचा, त्यांनी थर्मास दाखवायचा. आपण तरी आमच्याकडं जेवाल ना?"

"ताटातलं वाफाळतं असलं तर जेवेन," मी म्हटलं. आणि त्या बाईनं खरंच माझ्यासाठी पाणी उकळून, सगळं डोळ्यांदेखत शिजवून दाल-बाफले केले. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. मी माझ्यापुरतं तूप नको म्हटलं, तर त्यांनी एकच चमचा घालते म्हणून तीन घातले. चार वर्षांत परक्या घरी मी पोटभर जेवले ती तेव्हा. डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं म्हणून सांगितलं, तर विकी म्हणाला, "आत्यासाहेब, कोल्हापूरवाल्यांना आमचं तिखट लागतं काय!"

जेवणानंतर मी भीत भीत विषय काढला. तुमची सूनबाईंना परवानगी आहे ना?

"माझी परवानगी कशाला? तिचं शरीर, तिचा बाप. मी एवढंच सांगितलं, तीन महिने स्वयंपाकघराकडं फिरकायचं नाही, घागर उचलायची नाही." मग त्या जरा पुढं सरकल्या. "पण भाऊसाहेबांची अडचण मला कळते. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, लेकीकडचं घ्यायची वेळच आली तर मोल ठेवून घ्यावं. जुनी माणसं पाण्याच्या पेल्याखाली नाणं ठेवून पाणी प्यायची. दिलं म्हणजे फुकट घेतलं असं होत नाही."

मी ताडकन उठून उभी राहिले. एवढं सोपं! तिथूनच आबाला फोन लावला. त्यानं नाण्याची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. मग म्हणाला, "आईसाहेबांच्या पाटल्या आहेत. सोन्याच्या. त्या मृणालला दिल्या तर?"

"दे की!"

"मग चालेल," आबा म्हणाला. "मग घेतो."

विकीनं ओसरीवरच नाच केला. विहीणबाईंनी देवाजवळ साखर ठेवली. मृणाल एकटी म्हणत होती, "मला नकोत पाटल्या." तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मी तर तिला "गप गं" असंही म्हणाले. हे मी लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मोठा वाटा माझा आहे.

मध्ये दोन दिवस

देवासला घर नुसतं फुललं. मी रोपवेच्या पाळण्यातून टेकडीवर जाऊन दोन्ही मातांना नमस्कार करून आले. मोठीला आधी केला, धाकटीला जास्त वेळ केला, म्हणजे तक्रार नको. वहिनीसाहेबांनी गराडू तळले. हा एक कंद, थंडीतच मिळतो, तळून वर मसाला भुरभुरतात. मला आणि आबाला उकडलेला मिळाला. आम्ही दोघं समोरासमोर बसून, एकमेकांकडं बघत, उकडलेला गराडू चघळत होतो आणि बाकी घर कुर्रम कुर्रम आवाज करत होतं.

"सगळं झाल्यावरही असंच खायचं का गं?" आबानं विचारलं.

"मीठ थोडं मिळेल."

"मग करू या," आबा म्हणाला.

इंदूर

रुग्णालय इंदूरला. तिथले सर्जन तरुण, बोलायला मोकळे. मी माझे प्रश्न वहीत लिहून नेले होते. त्यांनी सांगितलं की आता रक्तगट जुळला नाही तरी तयारी करून प्रत्यारोपण करता येतं. काढलेलं यकृत काही ठिकाणी बर्फात न ठेवता यंत्राला जोडतात, त्यातून उबदार रक्त फिरवतात आणि ते चालतंय का हे बसवण्याआधीच बघतात.

"म्हणजे आमच्यापेक्षा त्याचीच बडदास्त मोठी," आबा म्हणाला.

"विज्ञान पुष्कळ पुढं गेलं," डॉक्टर म्हणाले. "अडतं ते देणाऱ्यांपाशी. मेंदू मृत झालेल्यांचे नातेवाईक हो म्हणत नाहीत, यादीतले लोक वाट बघत बघत जातात. मग घरातलं कुणीतरी देतं. बायका देतात बहुतेक." त्यांनी मृणालकडं पाहून मान लववली. मला तो माणूस आवडला.

मग समिती. जिवंत माणसाचा अवयव घ्यायचा तर कॅमेऱ्यासमोर मुलाखत होते, घेणाऱ्याची वेगळी, देणाऱ्याची वेगळी, कुणी कुणावर जबरदस्ती तर करत नाही ना हे बघायला. मी घरची साक्षीदार म्हणून आबाशेजारी बसले. समोर तीन माणसं आणि फाईल सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडम. आबानं जरीकाठी उपरणं घेतलं होतं.

"आप पर किसी का दबाव?" मॅडमनी विचारलं.

"हम पर? किसकी मजाल है!" आबा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

"बेटी को इसके बदले में कुछ दिया है, या देनेवाले हैं?"

आबा ताठ झाला. याच प्रश्नासाठी तो आला होता जणू. "अवश्य देंगे! हम मुफ्त का लेनेवालों में से नहीं हैं, मैडम!" आणि त्यानं उपरण्याखालून मखमली डबी काढली, उघडली आणि पाटल्या थेट कॅमेऱ्यापुढं धरल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

अवयवाच्या बदल्यात काहीही द्यायचं नाही, हा कायदा आहे. पैसे नाही, सोनं नाही, वचनही नाही. दिलं तर गुन्हा. मला हे माहीत असायला हवं होतं ना? पण मला देणारा या जगात नव्हता, माझी अशी मुलाखत झालीच नव्हती, आणि आनंदाच्या भरात डोकं चालवायचं राहून गेलं. मी घाईघाईनं सांगायला लागले, साहेब, हा आमच्यातला रिवाज आहे, बापलेकीतलं आहे. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, इथं येणारा प्रत्येकजण बापलेकीतलंच म्हणतो. फाईल थांबवली. पाच दिवसांनी पुन्हा या, लेखी द्या, आणि मोबदला नाही याची समितीला खात्री पटेल असं सांगा.

बाहेर बाकावर विहीणबाई बसल्या होत्या. ऐकल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मीच जीभ हलवली," म्हणत राहिल्या. मृणालनं सासूच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पुन्हा देवास

आबा मात्र गाडीतच मोकळा झाल्यासारखा बोलू लागला. "बरं झालं. देवानंच वाट दाखवली. देऊन घेऊ देत नाहीत, फुकट मी घेणार नाही. विषय संपला."

दोन दिवस मी गोड बोलले. वहिनीसाहेब रडल्या. विकी रागावून कारखान्यात डबल ड्यूटीला गेला. आबाच्या पोटातलं पाणी पुन्हा काढावं लागलं, आणि त्या दिवशी तो मधूनच मला 'आई' म्हणून हाक मारायला लागला. यकृत काम करेनासं झालं की रक्तातलं विष डोक्यात जातं. मला ते ठाऊक होतं, तरी मी घाबरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सावध होता, अंगणात उन्हाला बसला होता. मी पुन्हा सुरू केलं, त्यानं पुन्हा हात वर केला, "आमच्यात घेत नाहीत, सुमन."

"मग मर!" मी ओरडले.

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. मला इतकी शरम वाटली की बोलायची सोय राहिली नाही. आबानं मला जवळ बसायची खूण केली आणि विचारलं, "तुला ज्यानं दिलं तो कोण होता?"

"माहीत नाही. सांगत नाहीत. बाई होती की बाप्या, तेही ठाऊक नाही."

"मग तू परत कसं केलंस?"

"केलंच नाही, आबा." आणि इतकी वर्षं जे कुणाला बोलले नव्हते ते तोंडातून बाहेर पडलं. "कुणाच्या तरी घरी त्या दिवशी रडारड झाली आणि माझ्या घरी पेढे वाटले. पहिलं वर्षभर मला जेवण गोड लागत नव्हतं. रस्त्यानं कुणी बाई रडताना दिसली की वाटायचं, हिच्याच घरचं असेल. पाय धरायचे म्हटले तर कुणाचे धरू? मी फुकटच घेतलंय, अगदी फुकट, आणि तसंच घेऊन रोज सकाळी उठते. तुझं देणारं माणूस समोर आहे. तिचा चेहरा तुला रोज दिसेल. तरी तू म्हणतोस नको. मला तुझा राग येतो, आबा. खरंच येतो."

मी पदरानं तोंड पुसलं. आबा माझ्याकडं बघत होता, लहानपणी मी झाडावरून पडले होते तेव्हा बघत होता तसा.

"आता लागतं जेवण गोड?" त्यानं विचारलं.

"विहीणबाईंकडं लागलं."

वहिनीसाहेबांना हाक मारून त्यानं पाटल्यांची डबी कपाटात ठेवायला सांगितली.

समितीसमोर

पाचव्या दिवशी तीच खोली, तोच कॅमेरा. आबाला चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागलं. उपरणं नव्हतं. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. बेटी को बदले में कुछ देंगे?

अध्यक्षांनी पाण्याचा पेला आबापुढं केला. हा माणूस जन्मात कुणाकडून, त्यातून लेकीकडून, काही घेतल्याचं बोललेला नव्हता, आणि कायदा त्याला तेच स्वच्छ बोलायला लावत होता.

"नहीं," आबा म्हणाला. "कुछ नहीं देंगे." मग त्याला हिंदी सुचेना. तो मराठीतच, कॅमेऱ्याकडं नाही, दाराकडं बघून बोलायला लागला. दारापलीकडं मृणाल आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. "माझ्या लेकीचं मी फुकट घेतोय. तिला मी काही देणार नाही. माझ्यापाशी तेवढं मोलाचं काहीच नाही. ती देतेय, आणि मी घेतोय. लिहून घ्या."

मॅडम इंदूरच्याच, मराठी होत्या. त्यांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि आबाला सही करायला कागद दिला. सही करताना मी त्याचं कोपर धरलं.

समितीनं परवानगी दिली, पण शस्त्रक्रियेला मी थांबले नाही. रुग्णालयात माझ्यासारखीनं राहणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनीच मला घालवून दिलं. कोल्हापूरला पोचल्यावर तो दिवस मी देवापुढं आणि फोनपुढं बसून काढला. दोघांचीही शस्त्रक्रिया झाली. आबाला मध्ये जंतुसंसर्ग झाला, तीन आठवडे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, मृणालची जखम भरायला वेळ लागला. पण एप्रिलअखेर आबा देवासला घरी आला आणि मृणाल शाळेत जाऊ लागली.

काल तिचा फोन आला. हसत होती, मग हसता हसता तिचा आवाज बदलला.

"आत्यासाहेब, आबासाहेबांचं काय करू सांगा. रोज फोन करून माझ्याकडं काहीतरी मागतात. परवा उशी मागितली. काल कंगवा. आज सकाळी म्हणाले, लोकरीचे पायमोजे पाठव."

"मे महिन्यात? देवासला? लोकरीचे?"

"हो ना."

"मग काय केलंस?"

"दोन जोड पाठवले," मृणाल म्हणाली.